डॉक्टरसाहेबांचं जुनं इंजिन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून तर माझी खिशातली विडीसुद्धा लपत नसे. बसा जरा. गोष्ट मोटारीची आहे, म्हणजे मी ती खुशीतच सांगणार. पण तिच्या पोटात एक खोटं आहे, आणि ते माझं आहे.

हिंगणघाटात माझं गॅरेज होतं. गॅरेज कसलं — टिनाचं छप्पर, खाली एक खड्डा, आणि मी, नत्थू मिस्त्री. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गावात एक डॉक्टरसाहेब होते. त्यांच्याकडे दोन सीटची, लांब नाकाची, हिरवी विलायती मोटार होती, शर्यतीत पळवायची असते तसली. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा गोरा मॅनेजर मायदेशी परतताना ती त्यांना देऊन गेला, त्याच्या बायकोचा टायफॉइड त्यांनी बरा केला म्हणून. आणि हा माणूस त्या मोटारीतून दर गुरुवारी कुठे जायचा? तर गिरडच्या वाटेवरच्या खेड्यांत, रोगी बघायला! शेजारच्या सीटवर औषधांची पेटी, मागे धुरळा.

इंजिन जुनं, जड, सावकाश फिरणारं. धुड-धुड-धुड असा त्याचा आवाज मैलभरावरून कळायचा. तो आला की बाया हातातलं काम टाकायच्या, आजारी माणसाला बाजेवर घालून रस्त्याच्या कडेला आणायच्या. निरोप नाही, ठरलेली वेळ नाही. आवाज आला म्हणजे डॉक्टर आला. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणू का? ठाऊक होतं. मी कितीदा त्यांच्यासोबत गेलो होतो.

आता खरं तिथे येतो. येतोच आहे.

नागपूरला एका भंगारवाल्याकडे मला एक इंजिन दिसलं. कुठल्याशा उलटलेल्या इटालियन मोटारीचं होतं. लहानसं, वरचं डोकं अ‍ॅल्युमिनियमचं, आणि फेरे असे घ्यायचं की आपल्या देशी कानांना खरं वाटू नये. मी ते चालू करून ऐकलं आणि कामातून गेलो. लग्नाआधी बायकोला पाहिलं तेव्हाही माझं असं झालं नव्हतं — हे ती गेल्यावर बोलतोय, म्हणून चालतं. मी ते घेऊन आलो. कुणासाठी? कुणासाठीच नाही. इंजिन आधी घेतलं आणि रोगी मागून शोधला. अख्ख्या तालुक्यात त्या इंजिनाला शोभेल अशी मोटार एकच होती.

मग डॉक्टरसाहेब नेहमीसारखे तेल बदलायला आले, आणि मी —

मी हॅक्सॉचं पातं घेतलं. ते चहाला गेले होते. इंजिनाच्या ब्लॉकवर चार बोटं लांब रेघ ओढली, तीत काळं तेल चोळलं, वरून फडकं फिरवलं. ते आल्यावर तोंड पाडून सांगितलं, "साहेब, तडा गेला. या इंजिनाचं आता काही खरं नाई."

त्यांनी वाकूनही पाहिलं नाही. म्हणाले, "तू म्हणतं म्हणजे असंन बापा." एवढंच. रोगी जसा त्यांच्यावर विसंबायचा, तसे ते माझ्यावर विसंबले. मला त्या वेळी लाज वाटली का? नाही. मला हायसं वाटलं.

आणि पुढचे दीड महिने मी किती सुखात होतो म्हणून सांगू! जुनं इंजिन उतरवायला चौघं लागले, नवं मी आणि माझ्या साळ्याने दोघांनी उचललं. गिअरबॉक्सशी जुळेना, म्हणून जिनिंगच्या भंगारातली बोटभर जाडीची प्लेट कापून, लेथवर फिरवून मधे बसवली. वजन घटलं तसं मोटारीचं नाक वर उठलं, मग पुढच्या स्प्रिंगच्या कमानीतले एक-दोन पाटे काढून ते खाली आणलं. पहिल्यांदा जामच्या फाट्यापर्यंत गेलो तेव्हा साहेबांची टोपी उडाली. पन्नाशीचा माणूस पोरासारखा हसत होता. तसं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. त्या कामाचा अभिमान मला आजही आहे, तो काही जात नाही.

दोन गुरुवार गेले. दुसऱ्या गुरुवारानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजच्या दारात सरजाबाई उभी. गिरडच्या वाटेवरच्या खेड्यातली, दम्याची. एवढं अंतर पायी आली होती, पाय सुजलेले. धाप लागलेली, एकेक शब्द तोडत विचारते, "डाक्टर साहेब काऊन येऊन नाई राह्यले, भाऊ? आवाजच नाई आला."

ते तर दोन्ही गुरुवारी तिच्या गावावरून गेले होते. सूं करून. कुणी बाहेर आलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं, गावात सगळे बरे आहेत. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं, साहेबांकडे घेऊन गेलो. वाटेत सांगून टाकावं असं मनात आलं. आलं आणि गेलं.

जुनं इंजिन मी साळ्याला दिलं होतं. त्याला पिठाची चक्की टाकायची होती. कारंजाला टाकतो म्हणाला, मी म्हटलं बरं झालं, लांब जाईल. पण गड्याने सासऱ्याच्या गावात जागा मिळाली म्हणून चक्की टाकली ती नेमकी सरजाबाईच्याच गावात! रॉकेलवर इंजिन चालू करायला मीच गेलो, दिवस लगेच पुढच्या गुरुवारचा. पट्टा चढवला, हँडल मारलं — धुड-धुड-धुड. आणि काय सांगू, दळणाआधी रोगी आले. बाजा आल्या, तापाची लेकरं आली, सरजाबाई काठी टेकत आली. "आला वं माय, आवाज आला!" चक्कीपुढे ही गर्दी. मागून डॉक्टरसाहेबांची मोटार येऊन थांबली.

ते उतरले. गर्दीकडे पाहिलं, चक्कीकडे पाहिलं. मग गळ्यातली नळी कानाला लावून ते सरळ इंजिनापाशी गेले आणि धडधडत्या ब्लॉकवर तिचं टोक टेकवलं. माझ्या त्या रेघेच्या शेजारीच. लोक हसायला लागले. बराच वेळ ऐकून साहेब म्हणाले, "छाती तर साफ आहे रे याची, नत्थू."

माझ्या हातात पाना होता. मी खाली बघून पट्टा सारखा करत राहिलो. तो सारखाच होता.

त्यांनी पेटी चक्कीच्या ओट्यावर ठेवली आणि पहिल्या लेकराची जीभ पाहिली. तेव्हापासून गुरुवारी चक्की सुरू झाली की लोक तिथेच जमायचे, दळणही व्हायचं, औषधही मिळायचं. सरजाबाई पुढे बरीच वर्षं जगली. गावाचं भलंच झालं म्हणा ना. पण ते मी केलं नाही.

साहेब शेवटपर्यंत मोटार माझ्याकडेच आणत. बाकावर बसून चहा पीत, चेष्टा करत. फक्त "तू म्हणतं म्हणजे असंन" हे त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. मी काही बिघाड सांगितला की ते चष्मा लावून स्वतः वाकत, आणि मी बाजूला सरकून त्यांना उजेड धरायचो.