अर्धी बाज

जठारपेठेतल्या नागसेनच्या फोटो स्टुडिओत लग्नाच्या फोटोंपेक्षा एक काम जास्त चालतं. गेलेल्या माणसाला घरच्यांच्या फोटोत शेजारी बसवून द्यायचं. त्याने केलेला जोड त्याच्याशिवाय कोणालाच दिसत नाही.

स्वतःच्या भिंतीवर मात्र तो फसलेले जोडच टांगतो. मोबाइलच्या नकाशात वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहाची चित्रं नीट चिकटली नाहीत, की नदी मध्येच तुटते, टेकडी अर्धीच उरते. अशा जागा हुडकून तो त्या मोठ्या करून छापतो. गिऱ्हाईक विचारतं, हे बिघडलेलं कशाला लावलं? तो त्याला खुर्चीत सरळ बसायला सांगतो.

यंदा त्याला पातूरजवळचं आपलंच शेत असं सापडलं. डावीकडे नवा रस्ता. उजवीकडे काही वर्षांपूर्वीचा कडुनिंब, मधोमध कापलेला, आणि सावलीच्या कडेला अर्धी बाज. त्या बाजेवर त्याचे वडील बुधाजी दुपारभर बसायचे. आधी ते गेले, मग झाड रस्त्यात गेलं.

छापलेला फोटो त्याने आईच्या, ललिताबाईंच्या, हातात दिला. त्यांनी कागदावर बोट ठेवून ते बाजूला ओढलं, मोबाइलवर ओढतात तसं. पुढचं काही आलं नाही.

"लोकायचं जोडून देतं तू, मंग आपलंच काहून अर्धं ठेवलं?"

"उरलेलं कुठून आणू, माय?"

त्यांनी बोट अर्ध्या बाजेवर टेकवलं.

"मंग मले बसव तिथं," त्या म्हणाल्या. "तेवढी बाज पुरते मले."