धाडच्या नाक्यावरचे उकंडराव

धाड गावच्या सरहद्दीच्या नाक्यावर उकंडराव नाकेदार होते तोवर निजामाच्या मोगलाईतून येणाऱ्या कुणाचीही झडती चुकली नाही. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं होतं आणि नावही तसंच पाडलं होतं. ज्याला आईनंच पहिल्या दिवशी उकिरडा दाखवला, तो जगावर काय भरवसा ठेवणार, असं गावकरी हसून म्हणत.

पण त्या साली हसण्यासारखं काही नव्हतं. मुलखात बुळकांडी, ढोरांची जीवघेणी साथ, आली होती. दावणीच्या दावणी रिकाम्या होत होत्या. सरकारी ढोरांचा डॉक्टर सगळीकडे पुरत नव्हता, म्हणून मोगलाईतून बिनमंजुरीच्या लसीच्या बाटल्या चोरून येऊ लागल्या. ती लस टोचली की मानेवर गाठ धरायची, बैल चार दिवस धडधाकट दिसायचा आणि मग स्वतः पडून शेजारच्यांनाही घेऊन जायचा. म्हणून बाटली दिसली की फोडायची आणि गाठीचं जनावर माळावरच्या वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत, वेगळं बांधायचं, असा हुकूम होता.

उकंडरावांना हा हुकूम फार मानवला. ते सरकीच्या पोत्यात हात खुपसत, तुपाची बुधली हलवून बघत, गाडीवानाचं मुंडासं सोडायला लावत. पेंडवाल्या शेषरावावर त्यांचा खास डोळा. तो हसला तरी संशय, नाही हसला तर जास्तच. त्याच्याकडे कधी काही सापडलं नाही, पण त्यामुळे तो पक्का चोर आहे अशी उकंडरावांची खात्री झाली.

फक्त माहेराहून येणाऱ्या बाया आल्या की ते पाठ फिरवून उभे राहत. भरल्या ओटीला परपुरुषानं हात लावायचा नाही. एवढा एक भरवसा त्यांनी जगावर टाकला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहिलेला खांदा तूप-हळदीनं चोळायचा आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. उकंडराव नाक्यावरून लवकर घरी आले. दावणीला एकटा चांद्या होता. त्याचा जोडीदार उन्हाळ्यातच बुळकांडीनं गेला होता. उकंडराव कोमट तूप घेऊन खांदा चोळू लागले. हात सरकत मानेवर गेला आणि थांबला.

लिंबाएवढी गाठ. याच बोटांनी कालच त्यांनी ती गावातल्या रामरावाच्या जोडीच्या मानेवर शोधली होती आणि रामराव पाया पडत असताना जोडी वाडग्यात नेली होती.

त्यांच्या मनात पहिलं नाव आलं ते शेषरावाचंच. मेल्यानं सूड उगवला! पण दारात उभी असलेली बायको झुंबरबाई पदराचं टोक चावत होती. पंचमीला ती मोगलाईत माहेरी जाऊन आली होती.

"कोनाच्या हातून आली?" त्यांनी विचारलं.

"माह्याच. वटीतून आनली, नारळाखाली. परवा तुमी नाक्यावर व्हते तवा भावानं येऊन सुई टोचली." ती दारातून पुढं आली. "डाक्टर येईल येईल म्हनता म्हनता एक गेला. ह्यालेही मरू द्यायचा व्हता का?"

 उकंडरावांना राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. सगळ्या मुलखाची पोती उसवली आणि माल गेला तो त्यांच्याच पाठीमागून.

"उद्या झूल घातली का गाठ कोनाले दिसते?" झुंबरबाई हळूच म्हणाली. "तुमच्या बैलाची झडती कोन घेनार हाय?"

खरंच होतं ते. कुणीच घेतली नसती. उकंडरावांनी दावं सोडलं, तुपाची वाटी उचलली आणि चांद्याला घेऊन भर वस्तीतून माळाकडे निघाले.

वाडग्याच्या दाराशी रामराव बसला होता. त्यानं संशयानं वर पाहिलं. "आता कोनाची झडती घ्याले आले, उकंडराव?"

"माही. घरातूनच आलं, रामराव."

चांद्याला खुंट्याला बांधून त्यांनी उरलेलं तूप त्याच्या खांद्यावर चोळलं. "आज आवतन घे," ते म्हणाले. 'उद्या जेवायले ये' हे पुढचं काही केल्या तोंडातून निघेना.

 रामराव उठून जवळ आला. "उद्या जेवन घेऊन आपनच येऊ," म्हणाला, आणि बोटभर तूप आपल्या जोडीसाठी मागून घेतलं.