पाहुण्यांसाठीचं हसू

शेगावच्या एका लॉजच्या भटारखान्यात आम्ही दोघंच परके. मी कोकणातला, सातवीतून शाळा सोडलेला. तो नेपाळचा आचारी, पण बोलतो वऱ्हाडी. आल्या दिवसापासून तो मला आधी वाढतो. कुणी काही दिलं की मला धाकधूकच वाटते, म्हणून मी हात जोडतो. तो खेकसतो, "पुरे न बे! मी काय मंत्री हाओ?"

त्याच्या गावच्या शाळेला चीननं इमारत बांधून दिली. मग भारतानं बस दिली. मग चीननं भाषा शिकवायला बाई पाठवल्या. दर वेळी पाहुणे येतात आणि मुली रांगेत उभ्या राहून पाहुण्यांच्या भाषेत आभार मानतात. "माही पोरगी सगळ्याइच्या पुढं," कांदा चिरता चिरता तो सांगायचा. ती रांगत होती तेव्हाच तो गाव सोडून आलेला.

परवा दुपारी त्यानं पाठवलेला स्वेटर तिला मिळाला. फोनवर तिला पहिल्यांदाच बघायचं म्हणून त्यानं मलाही बोलावलं. पोरगी ताठ उभी राहिली, हात जोडले आणि जराही न हलणारं हसू ठेवून आधी चिनीत, मग हिंदीत आभार मानू लागली. तो "बाबा, बाबा" म्हणत स्वतःच्या छातीवर बोट ठेवत राहिला. तिनं अदबीनं विचारलं, "आप कौन से देश से आए हैं?"

फोन ठेवून त्यानं माझं ताट वाढलं. माझे हात आपोआप जुळले. तो दचकून मागं सरकला.

"तिच्यासारखा काऊन हासून राह्यला बे?"

मी हसू आवरायला गेलो. ते आवरेना.