पायरीवरचे बूट

दगडी इमारतीला ‘काय, बरी आहेस ना?’ असं विचारणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? नसेल, तर तुम्ही आमचे काका पाहिलेच नाहीत. त्यांच्याइतका सभ्य माणूस अख्ख्या इंग्लंडात नव्हता, आणि हे मी इंग्रजांच्या तोंडावर सांगते.

काका म्हणजे आई कामाला होती त्या हॉस्पिटलातले भूल देणारे डॉक्टर. निवृत्तीनंतरही त्यांनी भूल देणं सोडलं नाही, फक्त औषध बदललं. नवं औषध होतं आमच्या लिंकनशायरच्या छोट्या गावातल्या जुन्या बँकेचा इतिहास. चहूकडे कोबीची सपाट शेतं आणि मधोमध ही लाल इमारत. ती धान्याच्या व्यापाऱ्यांनी बांधली, युद्धात तिच्या तिजोरीच्या खोलीत गॅस मास्क ठेवले होते, हे सगळं ते पोस्टमनलाही ऐकवत. पोस्टमन मग टपाल कुंपणावरूनच फेकू लागला. काकांनी इंग्लंडातला पहिला पगार इथेच भरला, तोही बूट बाहेर पायरीवर काढून. ‘लक्ष्मीच्या घरात बूट घालून जायचं?’ मॅनेजर बघतच राहिला. पण पाऊस आला तेव्हा त्याने ते बूट उचलून आत हीटरपाशी ठेवले. पुढे ती त्या शाखेची पद्धतच पडली.

मग दोन हजारच्या दशकात शाखा बंद झाली आणि इमारत पाडून तिथे कार पार्क करायचा अर्ज कौन्सिलकडे आला. मी रात्रंदिवस पत्रकं छापली: ‘बँकेचा खून थांबवा!’ काकांनी पत्रक वाचून चष्मा काढला. “अगं, खून वगैरे नंतर. आधी नमस्कार तरी लिही!”

कौन्सिलच्या सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं होती. माझ्या तीन मिनिटांत मी नफेखोर, कौन्सिल आणि मोटारी या तिघांचाही निकाल लावला. अध्यक्षबाई जांभई दाबत होत्या. मग काका उठले. त्यांनी अध्यक्षबाईंना वंदन केलं, प्रत्येक सभासदाचे नाव घेऊन आभार मानले, मग टिपणं घेणाऱ्या बाईंचे, चहावालीचे, खुर्च्या मांडणाऱ्या केअरटेकरचे. “आता मूळ विषयाकडे वळतो,” ते म्हणाले आणि घंटा वाजली.

“काका, बँकेचं बोलायचं राहिलं!” मी किंचाळले.

“अगं, पण माणसं आधी ना?”

अध्यक्षबाईंनी घंटा बाजूला सरकवली. “डॉक्टर, या खोलीत लोक मला फक्त शिव्या घालायला येतात. तुम्ही बोला.”

काका बोलले. केअरटेकर घोरू लागला तरी बोलले. पाडकाम नामंजूर झालं. काकांच्या मते इतिहासामुळे, माझ्या मते सगळ्यांना घरी जायचं होतं म्हणून.

बँकेचा पब झाला. काका पहिल्याच संध्याकाळी ऑरेंज ज्यूस प्यायला गेले आणि सवयीने बूट काढले. “सॉरी सर, अनवाणी आत सोडत नाही,” दारावरचा पोरगा म्हणाला. काकांनी त्याचेही आभार मानले. त्यानंतर ते कधीच आत गेले नाहीत. रोज पायरीपर्यंत यायचे, बूट काढायचे, इमारतीची चौकशी करायचे, बूट घालून परत जायचे.

आता गुडघ्यांमुळे ते लंडनच्या क्रॉयडनला लेकीकडे असतात. फोनवर माझ्याआधी इमारतीची खुशाली विचारतात. मी रोज तिथे जाऊ शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, आमच्या गावावरून जाल तेव्हा त्या पायरीवर दोन क्षण बूट काढा आणि ती बरी आहे का, तेवढं विचारा.