कुंकू लावलेले दिवस

कोरीटचा दोधू माझा चुलतभाऊ. त्याच्याबद्दल लोक आता वाटेल ते सांगतात, म्हणून मी, नवल, जे डोळ्यांनी पाहिलं ते एकदाचं सांगून टाकतो. मधे कोणी बोलायचं नाही.

दोधू आळशी नव्हता. त्याला आळशी म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन. कोंबड्याच्या आधी उठायचा, बैलांना चारा टाकूनच तोंड धुवायचा. त्याची बैलजोडी गावात उजवी आणि गाडीही तशीच, चाक कधी कुरकुरलं नाही. दुखणं वेगळंच होतं. त्या माणसाला नाही म्हणता येत नव्हतं. कोणीही दारात यावं, गाडी मागावी, की हा तोंडातला घास गिळायच्या आत म्हणणार, "हां भो, येसू." येसू म्हणजे येईन. सकाळी एकाला येसू, दुपारी दुसऱ्याला येसू, आणि स्वतःचं शेत सगळ्यात शेवटी. नुसत्या लष्कराच्या भाकऱ्या. आमची वावरं पेरून उगवून वर यायची तेव्हा हा तिफण घेऊन निघायचा. लोक त्याला तोंडावर देवमाणूस म्हणत आणि पाठीमागे हसत. मला दोन्हींचा राग यायचा.

हे सगळं चाललं असतं, पण त्याची एकुलती एक पोर, निर्मला, तापीपलीकडे म्हसावदला दिली आणि तिथे घोडं अडलं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. दिवाळी एक वेळ हुकली तर चालेल. वर्षभर सासरी राबलेली पोर आखाजीला माहेरच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसते, गाणी म्हणते, त्या दिवशी तिला कोणी काम सांगत नाही. तिला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. निर्मलाला भाऊ नाही. म्हणून मुऱ्हाळी तिचा बापच.

आता गंमत बघा. आखाजी म्हणजे साडेतीन मुहूर्तांतली. गावोगाव लग्नं. आणि लग्न म्हटलं की वऱ्हाडाला गाडी, आणि गाडी म्हटली की दोधू. पहिल्या वर्षी तो कोणाचं वऱ्हाड पोचवून म्हसावदला गेला तेव्हा आखाजी होऊन गेलेली. दुसऱ्या वर्षी मी सोबत होतो. वाटेत एकाचं सामान, एकाची आजारी म्हातारी असं करत पोचलो, तर आखाजीला पितरांसाठी पाणी भरून वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पुजतात त्या घागरी व्याह्यांच्या अंगणात रिकाम्या होऊन पालथ्या पडलेल्या. निर्मला दारात उभी होती. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आबा, पानी देऊ का?"

तिची सासू कौसाबाई जिभेची तिखट, पण खोटं बोलणारी नव्हे. तिने दोधूला समोर बसवून सांगितलं, "व्याही, तुमनी आखाजी सदा शिळीच ऱ्हास. पुढला सालले चैतनी अवसले मुऱ्हाळी दारमा पाहिजे. नही उनात, तं आखाजीले सून कधीच धाडाव नही." चैत्राच्या अमावस्येला दारात हजर, नाहीतर पोरीचं आखाजीचं माहेर संपलं. घरी परतताना दोधू पूर्ण वाट बैलांच्या शिंगांकडे बघत राहिला. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत, जिभेवर आल्या होत्या तरी.

घरी येताच मोतीबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, एवढंच विचारलं, "गावले दिन वाटी टाकतस. पोरना वाट्याले काय ऱ्हास?" गावाला दिवस वाटून टाकता, पोरीला काय उरतं, असं म्हणून ती चूल पेटवायला गेली. त्या संध्याकाळी दोधू जेवला नाही.

दिवाळीला नंदुरबारच्या एका कापूसवाल्याने गिऱ्हाइकांना कॅलेंडरं वाटली. दुसरी जागतिक लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. गावात अशी वस्तू नवीनच. वर कमळातली लक्ष्मी, खाली महिन्यांची पानं, एकेका दिवसाला एकेक चौकोन आणि चौकोनात बारीक अक्षरात तिथी. दोधूने ते घरी आणलं. मोतीबाईने काय करावं? लक्ष्मी दिसली म्हणून ते देव्हाऱ्याशेजारी टांगलं, हळदकुंकू वाहिलं, रोज उदबत्ती फिरवू लागली. एकट्या तिनेच नव्हे, ज्यांना ज्यांना मिळालं त्या सगळ्या घरांत तेच झालं. कापूसवाला फुकट जाहिरात करायला गेला आणि त्याच्या नावाला गावभर उदबत्ती लागली.

चार बुकं शिकलेला मी. मी दोधूला म्हटलं, बाबा रे, ज्याला ज्या दिवशी येसू म्हणशील ते त्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेव, निदान एका दिवसाला दोघांना तरी कबूल होणार नाहीस. पेन्सिल काढली तर मोतीबाई आडवी आली. लक्ष्मीच्या अंगावर लिहायचं नाही. मी किती समजावलं, की लक्ष्मी वर आहे, खाली नुसत्या तारखा आहेत. छे. पूजा केलेल्या कागदाला शिसं लावू देणार नाही म्हणजे नाही.

मग तीच विचार करून म्हणाली की कुंकू लावायला कोणाची हरकत नाही, ते तर देवालाच लावतो. तिने मला विचारलं, चैत्रातली अमावस्या कोणत्या पानावर, तिच्या आदला दिवस कोणता, आखाजी कोणती. मी बोट ठेवत गेलो. ती त्या सगळ्या चौकोनांना बोटाने कुंकू लावत गेली, म्हसावदला निघण्याच्या दिवसापासून थेट आखाजीपर्यंत. दिवाळी नुकतीच झालेली, आखाजीला अजून अर्धं वर्ष. पण ते दिवस घरचे झाले.

तिथून तो धंदाच सुरू झाला. नव्या महिन्याचं पान उलटलं की आधी कुंकू. आपली नांगरट, आपली पेरणी, बैलांच्या विश्रांतीचा दिवस, सगळं घरचं आधी. उरलेल्या चौकोनांत गावाचं, आणि गावाला काजळ. वरच्या अर्ध्यात काजळाचं बोट म्हणजे सकाळ दिली, खालच्या अर्ध्यात म्हणजे दुपार दिली. दोन्ही अर्धे भरले की दिवस संपला. रोज पहाटे दोधू उठायचा, दिव्याच्या उजेडात त्या दिवसाचा चौकोन बघायचा आणि मगच गोठ्यात जायचा. आणि मोतीबाईने एक युक्ती करून ठेवली. काही अर्धे, कुंकवाच्या दिवसांतलेसुद्धा, ती मुद्दाम कोरे ठेवायची. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली, "त्यासना सभाव मी वयखस." नवऱ्याचा स्वभाव तिच्याइतका कोणाला माहीत असणार.

लोकांना पहिल्यांदा हसू आलं. दोधूकडे गाडी मागायला जावं तर तो म्हणे, थांब, आत बघून येतो. सरकारी कचेरी झाली की काय, म्हणून टिंगल झाली. पण कापूस वेचायच्या दिवसांत लोकांच्या लक्षात आलं की तो आता ज्या दिवशी येसू म्हणतो त्या दिवशी येतो. पूर्वी त्याचं येसू ऐकूनही दुसरा गाडीवाला शोधून ठेवावा लागे. हसणारे गप्प झाले. दोधूच्या वावरात रब्बीची पेरणी त्या वर्षी पहिल्यांदा वेळेवर झाली आणि दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, अशी उभी राहिली की येणारा-जाणारा बांधावर थांबून बघायचा. मला तर चालता-चालता छाती फुगवावीशी वाटे.

पण खरी परीक्षा पुढेच होती. आखाजी तोंडावर आली आणि रूपचंद पाटील दारात आले. गावातलं मोठं माणूस, अडीअडचणीला धावणारं, त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "दोधू, आखाजीले मन्हा पोऱ्यानं लगीन शे. अवसपाईन तुन्ही गाडी मन्हाकडे." म्हणजे अमावस्येपासून आखाजीपर्यंत, नेमके कुंकवाचे दिवस.

मी भिंतीला टेकून उभा होतो. दोधूच्या कपाळावर घाम आला. त्याचे ओठ हलले, आणि शपथेवर सांगतो, मला वाटलं की आता येसू बाहेर पडणार. त्याने कॅलेंडराकडे पाहिलं. मग आत बोट दाखवून म्हणाला, "पाटील, त्या दिनसले कुंकू लागेल शे."

पाटलांना काही कळेना. मी समजावून सांगितलं, त्या दिवसांना कुंकू लागलंय, ते दिवस पोरीचे. ते हसले. म्हणाले, एवढंच ना, मग पुसून टाक, पोरीला पुढच्या वर्षी आण.

आतून मोतीबाई डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्यात आली. पाटलांसमोर ती कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "पाटील, मन्हा घरधनी जित्ता शे. मन्हा घरमा कुंकू पुसाले सांगू नका."

पाटलांनी हातातला तांब्या खाली ठेवला. भलं माणूस होतं, चटकन उठलं, मोतीबाईला हात जोडले आणि म्हणाले की मी दुसरी गाडी बघतो. ते गेल्यावर दोधू खाटेवर बसला आणि कितीतरी वेळ नुसता हसत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने नाही म्हटलं होतं, आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

चतुर्दशीला पहाटे आम्ही दोघे निघालो. तापी ओलांडायची प्रकाशा गावाच्या उतारावरून, उन्हाळ्यात पाणी गुडघ्याखाली. तिथे नदीच्या वाळूत एका कुटुंबाची गाडी रुतलेली, बैल बसलेले, पोरं उन्हात. दोधूने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. मला पुन्हा त्या पालथ्या घागरी दिसायला लागल्या होत्या. तो म्हणाला, "नवल, आजनी दुपार मोतीनी कोरी ठेयेल शे." तेव्हा कुठे मला त्या कोऱ्या अर्ध्यांचा अर्थ कळला. आम्ही आमचे बैल जुंपले, चाकाखाली झाऊची झुडपं घातली, गाडी बाहेर काढली, पोरांना पाणी पाजलं, आणि तरी मुक्कामाला वेळेवर पोचलो. माझा राग नदीतच राहिला.

अमावस्येला दुपारच्या आत म्हसावद. कौसाबाई अंगणात डाळ पाखडत होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, तिने मान वर केली, दोधूला पाहिलं, आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तिला आनंद झाला असं आम्हाला वाटलं. कसला आनंद? ती उठून घरात पळाली आणि ओरडायला लागली, अगं सुनबाई, आखाजी होऊन गेली वाटतं, घागर आणली नाही, डांगर आणलं नाही, पितर उपाशी राहिले, दोधू व्याही दारात आलेत!

हे ऐकून शेजारीण बाहेर आली. दोधूला पाहून तिनेही कपाळाला हात लावला. तिची घागरही आणायची होती. दोधू आला म्हणजे आखाजी संपली, हे त्या गल्लीत इतकं पक्कं ठरलेलं होतं की कोणाला तिथी मोजावीशी वाटली नाही. एक म्हातारा काठी टेकत कुंभारवाड्याकडे निघालासुद्धा. मी गाडीच्या दांडीला धरून हसून हसून वाकलो. शेवटी जावई भाईदास शेतातून आला आणि म्हणाला, "माय, आज अवस शे."

कौसाबाई थांबली. बोटांवर तिथी मोजली. पुन्हा मोजली. मग ओट्यावर बसून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी मग हसण्याचं राहिलं नाही. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "व्याही, जिंकनात तुम्ही." निर्मला दारात उभी होती. या खेपेला ती पाणी विचारायला विसरली. धावत आली आणि बैलाच्या गळ्यात पडली, कारण सासरच्या अंगणात बापाच्या गळ्यात पडता येत नाही. दोधू बैलाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता.

अमावस्येला लेकीला घेऊन निघत नाहीत, म्हणून मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी कौसाबाईने स्वतः तिची ओटी भरली, गाडीत डांगर ठेवलं आणि शिवेपर्यंत पोचवायला आली.

आखाजीच्या सकाळी आमच्या निंबाला झोका बांधला. गावच्या सगळ्या माहेरवाशिणी जमल्या, गाणी सुरू झाली. मोतीबाई सांजोऱ्या तळताना मधेच उठून दारात यायची, पोर खरंच तिथे आहे का बघायची आणि पुन्हा कढईशी जायची. पुरुष त्या दिवशी पारावर पत्ते खेळतात, बायकांच्या झोक्याकडे कोणी फिरकत नाही, तशी रीतच नाही. पत्त्यांचा डाव मांडून लोकांनी दोधूला हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली. तो निंबाखाली उभा होता. झोक्यावरून निर्मला ओरडली, "आबा, जोरमा दे." पिकल्या मिशांच्या त्या माणसाने धोतराचा काचा मारला आणि सगळ्या गावासमोर लेकीचा झोका दिला. बायका आधी लाजल्या, मग गायला लागल्या. पारावरून पुन्हा हाक आली. दोधू मागे वळून न बघता म्हणाला, "आज नही," आणि ऊन कलेपर्यंत झोका देत राहिला.