बारशापर्यंतची दया
ओल्या झेंडूचा वास आला की कामतघरची आमची चाळ आठवते. गोदामासाठी ती पाडायची होती, पण शेजारच्या मावशींची लेक बाळंतपणाला आली होती, म्हणून जागामालकाने बारशापर्यंत मुदत दिली. या दयेबद्दल चाळीच्या अंगणातच त्याचा सत्कार झाला. मंडपही त्यानेच पाठवला होता. हार घेऊन मावशी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “दादा, येवढी दया हाय, तर घरच ऱ्हाऊ द्या ना.” त्याने हसत मान खाली केली. “मावशी, दया मागायची नसते, मिळंल तेवढी घ्यायची. घाला हार.” त्यांनी घातला. टाळ्या झाल्या. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच जेसीबी आला. माणूस शब्दाचा पक्का. हल्ली कुणी कुणाला दयाळू म्हटलं, की मी एवढंच विचारतो, कधीपर्यंत?