वार पुरण्याआधी

बाळामागून पडलेली वार पुरायची लोकांना एवढी घाई कसली असते, हे मला नोकरीभर समजलं नाही. मूल नीट रडलंही नाही, तोवर कुणाच्या तरी हातात कुदळ! अमरावतीला सुईणपणाचं शिकत होते तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं की वार आणि तिला लागून आलेली बाळाभोवतीची पिशवी उजेडात धरून पाहिल्याशिवाय जागचं हलायचं नाही. चांगली पिशवी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी स्वच्छ दिसते. जंतू शिरले असले तर ती गढूळ होते, वास मारते. साठ सालानंतर पातूरकडच्या एका दवाखान्यात माझी नेमणूक झाली आणि मी हेच दारोदार सांगत सुटले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातलंच एक भाजीपाला पिकवणारं घर. सुनेला आठव्या महिन्यातच कळा आल्या, गावच्या सुईणीनं बाळंतपण उरकलं, मूल सकाळपर्यंत गेलं. मला बोलावणं आलं ते दुपारी, सून तापानं फणफणल्यावर. जाऊन पाहते तर ती गोधडीत कुडकुडत होती आणि सासू दारात बसून तिच्या नावानं खडे फोडत होती.

"बसनं जाऊ नको मनलं होतं मी. गेली अकोल्याले, भाच्याच्या बारशाले. धक्क्यानं माहा नातू गेला. आता जाय मना माहेरी अन् तिकडंच राय!"

"वार कुठंय?" मी विचारलं.

"पुरली. मंग काय शिक्यात ठेवाची?"

माझं डोकंच सणकलं. त्यांचंच खुरपं उचललं आणि न्हाणीमागची ओली माती उकरायला बसले. सासू ओरडत मागोमाग आली.

"काहून उकरून राह्यल्या बाई? पाप लागीन!"

दगड सरकला, चिंधी सुटली आणि वास आला. ओरडणं थांबलं. सासूनं पदर नाकाला लावला. पिशवी पिवळट, गढूळ झाली होती.

"हा काय बसचा वास आहे?" मी खेकसले.

वांगी घेऊन निघालेल्या ट्रकमधून आम्ही सुनेला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि आठवड्याभरानं ती सावरली. मी भेटायला गेले की सासूला सुनावायचे, जंतू खालून चढले, पिशवी नासली, म्हणून फुटली, बसचा काही संबंध नाही. तेव्हा आम्हाला तेवढंच ठाऊक होतं. आता माझ्या नातीच्या वयाच्या डॉक्टरणी सांगतात की पिशवी नुसती नासत नाही. जंतू आल्याचं तिला ताप यायच्या आधी कळतं. ती रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना बोलावून घेते, त्या झटापटीत स्वतःच विरत जाते आणि गर्भाशयाला कळा सुरू करायला लावते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवल वाटायला हवं होतं. मला मात्र राग आला, आणि तो स्वतःचाच.

कारण सुनेला घरी सोडायच्या दिवशी सासूचा हट्ट कायम होता, इथूनच माहेरची वाट धर. "असतीन जंतू," ती म्हणाली, "पन हिनं आधी सांगाचं होतं. तोंड शिवलं होतं काय?"

सून खाटेच्या कडेला बसली होती. माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, "सांगतलं होतं मी. बाईले."

आणि मला आठवलं. बारशाला जायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दवाखान्यात आली होती. "पानी झिरपून राह्यलं," म्हणाली होती. बाहेर रांग होती, लसी टोचायच्या होत्या. मी मान वर न करता म्हटलं होतं, "लघवी असेल. बाळाचा दाब पडतो. जा." गावभर दुसऱ्यांच्या घरची वार उकरत फिरणारी मी! पिशवीनं ओळखलं, सुनेनं ओळखलं, आणि माझ्यापर्यंत आलेला निरोप मीच परत पाठवला. गप्प बसले असते तर कुणाला कळणारही नव्हतं. सुनेच्या शब्दाला त्या घरात किंमत नव्हती.

"आली होती ती," मी सासूला म्हटलं. "मीच तिला परत पाठवलं. लघवी असेल म्हणाले."

सासूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वाकून सुनेचं गाठोडं काखेत मारलं.

"चाल वं घरी," ती म्हणाली. "या बाईले पानी न् मूत समजत नाई."